मार्सलीचं कडवं

कर्स्टीचा अल्बम स्कॉटलंडच्या यूइस्ट बेटावर घरोघरी वाजू लागला तेव्हापासून ऑयरिकचं डोकं फिरलं होतं. ग्लासगोच्या या पोरीला तिने आपल्या स्वयंपाकघरात बसवून, ओटच्या भाकऱ्या लोण्याशी खायला घालून, कापड कुटतानाचं गाणं शिकवलं होतं. अख्खं. आणि पोरीने त्याचं काय केलं? हार्प लावून रडगाणं केलं, वर अर्धं कापून टाकलं.

मुळात ते गाणं चेष्टेचं. ओलं लोकरीचं कापड मेजावर आपटून घट्ट करायला गावातल्या बायका गोल बसायच्या, आणि गाता गाता एखाद्या पोरीचं नाव कुणातरी बाप्याशी जोडून द्यायच्या. पोरीने त्याला पुढच्या कडव्यात झिडकारायचं, मग तो शेजारणीच्या वाट्याला, कुणी होकार देईपर्यंत. चाळीस वर्षांपूर्वी ऑयरिकशी फेरखरचं नाव जोडलं, तेव्हा तिने गाण्यात त्याला गळक्या होडीत बसवून समुद्रात लोटून दिलं होतं. शेजारी बसलेल्या मार्सलीने पुढच्या कडव्यात त्याला पाण्यातून बाहेर काढलं, आणि वर्षभरात त्याच्याशी खरोखरच लग्न केलं.

अल्बममध्ये होडी नव्हती, मार्सलीही नव्हती. उरली होती ती फेरखरसाठी झुरणारी ऑयरिक. लोक म्हणे ऐकून डोळे पुसत होते. आणि फेरखर, बायको जाऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच मिशांना पीळ देत, सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांना "गाण्यातला तो मीच" असं सांगत हिंडत होता. लाज म्हणून नाही मेल्याला.

कर्स्टी गावच्या हॉलमध्ये गायला आली, तेव्हा ऑयरिक मुद्दाम पुढच्या मेजाशी जाऊन बसली. गाणं संपलं तशी टाळ्या थांबायच्या आत ती उठली.

"पुढची कडवी कुठे गेली गं?"

कर्स्टी ओशाळली. "आजी, ती हसरी होती. सगळा रंग बिघडत होता. लोकांना विरहच आवडतो."

"लोकांची आवड घाल चुलीत. माझं मी बघून घेईन. पण मार्सली कबरीत आहे. तिला गाण्यातून काढायचा हक्क तुला कुणी दिला?"

मागे पाहुण्यांत बसलेल्या फेरखरचा चेहरा पडला.

ऑयरिकने मेजावरचे चहाचे कप बाजूला सारले आणि तळहात आपटायला सुरुवात केली. गावच्या म्हाताऱ्या एकेक करून तिच्याभोवती येऊन बसल्या. मेज दणाणू लागलं. तिने फेरखरला होडीत बसवलं, तळाचं भोक दाखवलं आणि दिलं लोटून. हॉलभर हशा पिकला. मग मार्सलीची पाळी आली आणि ऑयरिक गप्प झाली. होकार जिचा तिनेच गायचा असतो. हात मात्र कुणी थांबवले नाहीत.

फेरखर उठला. कापडाच्या मेजाशी पुरुषाने बसायचं नसतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो ऑयरिकच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला, तळहात मेजावर टेकवला आणि बेसूर आवाजात बायकोचं कडवं म्हणू लागला.

"द्या त्याला इकडे. भिजला असला तरी माझा आहे."

पुढे त्याला गाता येईना. कर्स्टीने हळूच हार्प जवळ ओढली.

"हार्पला हात लावू नकोस," ऑयरिक खेकसली, आणि फेरखरचा आवाज परत येईपर्यंत सगळ्याजणी नुसत्या मेज वाजवत राहिल्या.