दोन्ही डोळे उघडे

माझं काय चुकलं, ते आधी सांगा! जावई विमान चालवतो, तर चार लोकांत दाखवायला एक धड फोटो नको? धाकट्या बहिणीचा जावई दातांचा डॉक्टर, तर तिचा तोरा काय विचारता! तिच्या नाकावर टिच्चून दाखवायचा म्हणून त्या रात्री मुलीबरोबर मीही धावपट्टीवर गेले.

आमचे जावई रात्रीची औषधं पोचवायचे, दोन माणसं जेमतेम मावतील एवढ्या विमानातून. निघण्याआधी अर्धा तास अंधारात बसून राहायचे. डोळे अंधाराला सरावले पाहिजेत म्हणे. मी म्हणायची, "घुबडाला मुलगी दिली आम्ही!" हसायचे बिचारे.

मी मोबाइल काढला तसे म्हणाले, "आई, फ्लॅश नको. पुढे टेकडी आहे, तिच्यावरचा दिवा कालपासून बंद पडलाय. ती मला नुसत्या डोळ्यांनी बघावी लागते."

"एका फोटोनं काय आभाळ कोसळतंय?"

"आई, राहू दे गं," मुलगी म्हणाली. पण मी कसली ऐकते! शेवटी उभे राहिले ते, एक डोळा घट्ट मिटून. तेवढा तरी अंधाराला शाबूत राहील म्हणाले. फोटो बघते तर काय, जावई काणा!

"हा दाखवू बहिणीला? दोन्ही उघडा."

उघडले. मोठ्यांचा शब्द कधी मोडला नाही त्यांनी.

मग म्हणाले, "आता पुन्हा अर्धा तास थांबतो."

"तिकडे रोगी ताटकळलाय आणि तुम्ही इथे बसणार? भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस!"

बायकोसमोर म्हटलेलं लागलं असावं. गेले तडक. विमान उठलं आणि जरा वेळानं टेकडीवर भक्कन उजेड झाला. मी म्हटलंसुद्धा, "बघ, लागला की दिवा!" मुलगी तोवर पळत सुटली होती.

फोटो मात्र झकास आलाय. दोन्ही डोळे टपोरे. बहीण मेली जळायचं सोडून रडत बसली.

आता मुलगी माझ्याकडेच असते. दिवसभर एक शब्द बोलत नाही. दिवे मालवून मी आडवी झाले की येते, बोटांनी माझ्या पापण्या फाकवते आणि फ्लॅश मारते. पोटची पोर, सांगू कुणाला? मग खोलीत कुठेतरी उभी राहून विचारते, "आई, मी दिसते का?"

"नाही गं दिसत."

"मग थांब अर्धा तास," म्हणते.