कवडी

जालन्याच्या जिनिंग कारखान्यात नंदाबाई कापूस निवडायची. किडकी, डागाळलेली, अर्धवट फुटलेली बोंडं वेचून बाजूला टाकायची; त्यांना कवडी म्हणतात. बोटं कापसात अन् तोंडात ओवी. जातं नसलं म्हणून काय झालं, दिवस तर दळायचाच असतो.

निजामाचं राज्य गेलं, झेंडा बदलला, सेठ तोच राहिला. मग हैदराबादेहून शिकून आलेला नरहर फाटकापुढं लाल बावटा घेऊन उभा राहिला. म्हणाला, "बाया-बाया काय म्हणवून घेता? कामगार आहात तुम्ही! कॉम्रेड नंदाबाई, यावर ओवी होऊ द्या."

'कामगार' हा शब्द तिला नव्या लुगड्यासारखा वाटला. घडी मोडायला जीव होईना. मोडली तशी गावभर मिरवली.

दळिते कांडिते, कामगार माझं नाव
फाटकाच्या आत माझ्या घामाचं गं गाव

ऐन हंगामात संप झाला. कापसाच्या गाड्या आत जाऊ नयेत म्हणून बाया बैलांपुढं आडव्या पडल्या. गडी मागं उभे राहून ओवीची शेवटची ओळ उचलून धरायचे. मुकादम रामकिसननं नंदाबाईला आडोशाला बोलावलं. "गाणं बंद कर अन् एकटी आत ये. चूल तर पेटंल."

"एकटी कशी येऊ? आमी कामगार हाव."

त्या दिवशी चूल पेटली नाही.

अखेर सेठ नमला. गुलाल उधळला, हलगी कडाडली, फाटक उघडलं. बाया पुढं सरल्या तशी रामकिसननं काठी आडवी धरली.

"तवा बलावलं व्हतं, आली न्हाईस. आता फकस्त कामगारच आत."

"मंग आमी कोण?"

"करारात कामगार म्हंजी मशीनवरले गडी. कवडी झाडायची बी मशीन येऊन राह्यली. निवडणी बंद."

ती नरहरकडं वळली. त्यानं कपाळावरचा गुलाल पुसला. "बाई, ही पहिली पायरी आहे. तुमचं पुढच्या खेपेला नक्की बघू."

कालची कॉम्रेड आज बाई झाली होती.

"पायरी तो हैच," शेजारी बसून निवडणारी कमरबी म्हणाली, "हमारेच उपर पाव रखके चढे ना!"

नरहरनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "गडी मिरवणुकीनं आत चाललेत. तेवढी ती ओवी होऊ द्या, बाई."

नंदाबाईनं पदर सावरला. तिनं सूर लावला.

कापसाची कवडी येचून टाकिली गं बाई
कापूस गेला आत, कवडीला दार न्हाई

गड्यांनी सवयीनं शेवटची ओळ उचलली. "कवडीला दार न्हाई, कवडीला दार न्हाई," हलगीच्या तालावर नाचत ते आत गेले. रामकिसननं फाटक लावलं.

मशीन सुरू होईस्तोवर आतून तिचीच ओळ ऐकू येत होती.