पेटी उघडी राहिली

नागपूरच्या गिरणीत नोकरी करता करता भीमराज पेटी वाजवायला शिकला. १९५९ साली तो कळंबजवळच्या आपल्या गावी परतला, तेव्हा वस्तीने धम्म स्वीकारून तीन वर्षं होत आली होती. वस्तीतले वडीलधारे उकंडाबाबा म्हणाले, "जुनी गानी सुटली. आता पोराइच्या तोंडी नवी पाह्यजेत." भीमराजने चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी मुलांचा वर्ग सुरू केला.

मुलं मांडी घालून सा-रे-ग घोकत. कोणी पेटीला हात लावला की छडी बसे. त्याची भाची नलू घरी दिवसभर गुणगुणायची. वर्गात मात्र ओठ शिवल्यासारखी बसे. हळूहळू मुलं येईनाशी झाली.

श्रावणात भीमराजला हिवतापाने गाठलं. तो आत गोधडी पांघरून पडला आणि ओसरीवर पेटी उघडीच राहिली. मास्तर दिसेना म्हटल्यावर मुलं तिच्याभोवती गोळा झाली. एकीने भाता ओढला, दुसऱ्याने सगळ्या पट्ट्या एकदम दाबल्या. पेटी रेकली, हशा पिकला. कुणी डबा बडवू लागलं. भीमराज ओरडायला उठू गेला, पण अंगात त्राण नव्हतं.

मग एकेक सूर दबकत निघू लागला. चुकायचा, पुन्हा सापडायचा. पोरी फुगडी घालताना म्हणत, तीच चाल! त्यावर नलूचा आवाज चढला:

"मामाले ताप आला, पेटी आमची!"

पोरं मागून तालात तीच ओळ ओढू लागली. ही चाल त्याने कधीच शिकवली नव्हती. तो पडल्या पडल्या ऐकत राहिला.

बरा झाल्यावर त्याने छडी मुलांनाच डबा वाजवायला दिली. आता वर्गात आधी खेळ असे. खेळता खेळता कोणीतरी विचारे, "मामा, हा सूर कोनता व्हय?" मग तो सांगे.

उकंडाबाबा चिडले. "गानं शिकवून राह्यला का पोरं नाचवून राह्यला?"

"दोन्ही, बाबा. जयंतीले पाहा."

जयंतीला मधेच ताल घसरला; मुलं हसली, सावरली, गात राहिली. शेवटी नलूने शाळेच्या वाटेविषयी एक कडवं स्वतः जोडलं. बाया पदर सावरत पुढे सरकल्या.

"हे कोनं शिकवलं इले?" उकंडाबाबांनी विचारलं.

"कोनीच नाही," भीमराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाबा ओसरीवर येऊन मुलांमध्ये बसले. भीमराजकडे न बघता नलूला म्हणाले, "सरक वं माय जराशी. मले बी दाबू दे एक पट्टी."