वहीतलं मीठ

आईला जाऊन सात आठवडे झाले होते आणि दादाला पाहुण्यांवर छाप पडेल असं काहीतरी हवं होतं.

शनिवारी संध्याकाळी तिघं जेवायला येणार होते. ज्याच्याबरोबर दादा हॉटेल काढणार होता तो भागीदार, त्याची बायको आणि वर्तमानपत्रात खाण्यापिण्याविषयी लिहिणाऱ्या एक बाई. जेवण आईच्या घरात, आईच्या टेबलावर, आईच्या वहीतलं. हॉटेलचं नावही ठरलं होतं: आईचं स्वयंपाकघर. वहीची पानं मोठी करून भिंतींवर लावायची होती. जेवण पसंत पडलं तर वही रविवारी दादाबरोबर त्याच्या शहरात जाणार होती.

"तू फक्त रांध, बारके," तो म्हणाला. "बोलायचं काम माझं."

आई परिचारिकांच्या वसतिगृहात एकतीस वर्षं स्वयंपाकीण होती. वहीत प्रत्येक पदार्थापुढे दोन रकाने होते, एक चाळीस माणसांचा, एक चार माणसांचा. चाळीसचा रकाना निळ्या शाईत, चारचा पेन्सिलीत. घर नेहमी पेन्सिलीत असायचं, कारण घरातली माणसं कमीजास्त होतात असं ती म्हणायची.

दादा अंगठा ओला करून पानं उलटत होता. मला ते बघवत नव्हतं. आईने कधी त्या पानांना ओलं बोट लावलं नव्हतं, हात पुसूनच ती वही उघडायची.

"बटाट्याचं सूप करू," मी म्हटलं. "वर लोणी आणि मिरी. तिचं सगळ्यात चांगलं तेच होतं."

"सूप? आजारी माणसाला देतात ते? ही माणसं एवढ्या लांबून येणार आणि आपण त्यांना बटाटे पाजणार?"

"मग मसूर आणि भाजलेले कांदे."

"अगं, हॉटेल काढायचंय, आश्रम नाही." त्याने आणखी चार पानं उलटली. "टेबलावर आणून ठेवलं की बोलणं थांबलं पाहिजे. हे बघ. भरलेली कोंबडी. अख्खी. याच्यासारखं काही नाही. आठवतंय, माझ्या निकालाला केली होती?"

मला आठवत होती. त्या पानावरचे आकडेही मला पाठ होते. चारच्या रकान्यात 'मीठ १ चमचा' असं होतं. ते खोडून दीड, दीड खोडून अडीच, अडीच खोडून तीन.

"आणि हे बघ, जसंच्या तसं करायचं," दादा म्हणाला. "तुझं डोकं चालवू नकोस. एक चिमूट इकडची तिकडे नको. आईच्या हातची म्हणून सांगणार आहे मी."

त्याच वेळी मी सांगायला हवं होतं.

शेवटच्या वर्षी औषधांनी आईची चव गेली. जिभेला कातडं बांधल्यासारखं झालंय, असं ती एकदाच म्हणाली. स्वयंपाक मात्र सोडला नाही. पहिल्यांदा तिने कोंबडी केली तेव्हा मीठ थोडं जास्त पडलं होतं. मी घास तोंडात घेतला आणि क्षणभर थांबले. आईचं माझ्याकडेच लक्ष होतं.

"खरं सांग," ती म्हणाली, "अळणी आहे ना?"

"नाही गं. छान झालीय."

"उगाच समजूत काढू नकोस. थांबलीस तू."

पुढच्या वेळी तिने दीड चमचा घातलं. मी पुन्हा थांबले. असं होत होत ते तीनवर गेलं. तिथे मात्र मी न थांबता खाल्लं आणि पुन्हा वाढून घेतलं, आणि मग ते वाढायचं थांबलं. एकतीस वर्षं चाळीसजणींच्या तोंडची चव सांभाळलेल्या बाईला, तुला आता चव कळत नाही, हे मी सांगू शकले नाही. दादाला यातलं काही माहीत नव्हतं. तो त्या वर्षात दोनदा आला, आणि दोन्ही वेळा 'आईला दगदग नको' म्हणून त्याने जेवण बाहेरून मागवलं.

शुक्रवारी मी कोंबडी आणली. नळाखाली धरली तेव्हा तिची कातडी बोटांखाली सरकली, सैल, गार, बारीक पुटकुळ्यांची. पंखाच्या सांध्यापाशी निळसर डाग होता. तसे डाग मी हल्लीच बघितले होते, सुया टोचून टोचून पडलेले, आणि तो हातही मी असाच कोमट पाण्याने पुसला होता. मी नळ बंद करून खिडकीपाशी उभी राहिले. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

शनिवारी दुपारी मी कोंबडी भरली. पावाचा चुरा, कांदा, कलेजी, बेदाणे, लिंबाची साल. दोऱ्याने पाय बांधले. मग वही उघडी ठेवून मीठ मोजलं. एक. दोन. तिसरा चमचा घालताना मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. त्यांनी पहिला घास थुंकावा, असं मला वाटत होतं. हॉटेल तिथेच बुडावं आणि वही घरात राहावी. या कामी मी आईचंच व्यंग वापरत होते, हे मला कळत होतं. कळूनही मी चमचा सपाट करून घेतला, ती करायची तसा.

साडेसातला माणसं आली. दादाने दुपारीच आईचा फोटो आतल्या खोलीतून काढून टेबलासमोर लावला होता, वर दिव्याचा उजेड पडेल असा. भागीदाराने तो बघून "वा" म्हटलं. एखादं कपाट बघून म्हणावं तसं.

"नजर कशी आहे बघा," त्याची बायको म्हणाली. "प्रेमळ."

तो फोटो ओळखपत्रासाठी काढलेला होता. आईला त्यात शिंक दाबायची होती.

मी कोंबडी आणून ठेवली. दादाला हवं होतं तसंच झालं, बोलणं थांबलं. भागीदार उभा राहून फोटो काढायला लागला. मग त्याने मला ताट जरा फिरवायला सांगितलं, मग पुन्हा थोडं. तोवर चरबी कडेने गोठायला लागली होती. दादाने सुरी चालवली, दोरा कापला, आतलं सारण वाफेसकट ताटात ओघळलं. कलेजीचा वास माझ्या नाकात जाऊन बसला.

मी त्यांची तोंडं बघत होते. भागीदाराचा जबडा दोनदा हलला आणि थांबला. त्याच्या बायकोने ग्लास उचलला. लेखिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आईच्या फोटोकडे बघून आलंय असं त्यांनी दाखवलं.

"अप्रतिम," भागीदार म्हणाला.

"घरगुती," बायको म्हणाली. "आणि ठसठशीत."

"हल्लीच्या मिळमिळीत जेवणात हे धाडस नाही," लेखिकाबाई म्हणाल्या. मग आणखी पाणी प्यायल्या.

दादाने शेवटी स्वतः घास घेतला. त्याने माझ्याकडे पाहिलं. गिळायला त्याला वेळ लागला. गळ्यातली गाठ वर गेली, खाली आली.

"अगदी आईच्या हातची," तो म्हणाला.

तो खोटं बोलत होता आणि ते शब्दशः खरं होतं, आणि हे टेबलावर फक्त मला ठाऊक होतं. मला त्या सगळ्यांची शिसारी आली. ओठांना लागलेलं तेल, कौतुक करता करता ताटाच्या कडेला सारलेलं सारण, हाडाखाली लपवलेला घास. भागीदार तर पुन्हा वाढून घ्यायला लागला. हसत, मान डोलावत. ते हसू कुठलं, हे मी ओळखलं. वर्षभर माझ्याच तोंडावर होतं ते.

पाण्याचा जग दुसऱ्यांदा भरून आणला तेव्हा दादाच्या हातात वही होती. मी ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली होती, तो कधी घेऊन गेला कळलं नाही.

"हे भिंतीवर येणार आहे," तो सांगत होता. "किती वेळा खोडलंय बघा. परिपूर्ण होईपर्यंत थांबायची नाही. आणि कडेला काय लिहिलंय, ऐका." त्याने आवाज जरा खाली आणला. "'आता बरोबर. बारकीने दोनदा घेतली.'"

त्या कडेच्या ओळी मी कधी वाचल्या नव्हत्या. चमच्यांच्या आकड्यापलीकडे माझी नजर गेलीच नव्हती.

"किती गोड," बायको म्हणाली. "बारकी म्हणजे तुम्ही का?"

"हो," मी म्हटलं. "खारट आहे."

"काय?"

"कोंबडी. फार खारट आहे. खाऊ नका."

दादा हसला. "आमच्या बारकीला स्वतःचं केलेलं कधी आवडत नाही. आईवर गेलीय."

"आई आधी एक चमचा घालायची," मी म्हटलं. "हे तीन चमचे आहेत. तिला चव लागत नव्हती. ती मला विचारायची आणि मी छान म्हणायचे. म्हणून ते असं लिहिलंय." मग मी जग टेबलावर ठेवला. "बटाट्याचं सूप करून देते. अर्धा तास लागेल."

लेखिकाबाईंनी काटा खाली ठेवला. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. भागीदाराने त्याच्या फोनमधले फोटो एकदा बघितले आणि फोन खिशात टाकला. सूप कुणाला नको होतं. उद्या लवकर उठायचंय, असं बायको म्हणाली. जिना उतरताना त्यांचं हसणं ऐकू आलं, पण ते कशावर होतं कोण जाणे.

मी ताटं उचलायला लागले. प्रत्येकाच्या हाडाखाली घास सापडत होते. बायकोने तर तिचे हातरुमालात बांधून खुर्चीवर ठेवले होते. ओला, तेलकट गोळा. तो मी दोन बोटांनी उचलला.

"मला आधी सांगता आलं नाही तुला?" दादा म्हणाला.

"आलं असतं."

"मग?"

"तुझी फजिती व्हावी असं वाटत होतं."

तो खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "वर्षभर खाल्लंस तू हे?"

"दर रविवारी."

"आणि तिला कळलंच नाही?"

"तू वाचलंस की आत्ता. 'आता बरोबर.'"

त्याने वहीकडे पाहिलं. बोट पानावर ठेवलं होतं, या वेळी कोरडं. मग वही मिटली आणि टेबलावरून माझ्या बाजूला सरकवली. मोठ्या ताटात अर्धी कोंबडी उरली होती, वर चरबीचा पांढरा थर धरलेला. त्याने ताट पुढे ओढलं, हाताने एक तुकडा तोडला आणि खायला लागला. सावकाश. त्याची हनुवटी तेलाने चमकत होती, प्रत्येक घासाला डोळे मिटत होते. मला बघवत नव्हतं आणि मी बघत होते. दुसरा तुकडा. तिसरा. छान झालीय असं तो एकदाही म्हणाला नाही.

पाण्याचा जग माझ्या हाताशी होता. त्याने मागितला नाही. मीही पुढे केला नाही.