याडीचा आवाज कुणी पुसला

डोंगरकडा गावाजवळच्या टेकडीवर माळरान रेडिओ सुरू झाला त्याला दहा वर्षं झाली, तेव्हा वाढदिवसाचा कार्यक्रम मिनाकडे आला. रेडिओचा सगळा इतिहास तासाभरात सांगायचा होता. मिनानं ठरवलं, सुरुवात रूपाबाईच्या आवाजानं करायची.

रूपाबाई तिची सासू. बंजाऱ्यांच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. मिना सासूलाही याडीच म्हणायची. करोनात याडी गेली. त्याआधी चार वर्षं दर मंगळवारी ती रेडिओवर बोलायची. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूख तुडवणाऱ्या आज्याच्या गोष्टी, मधेच एखादं गाणं. केळीला पाणी देणारे गडी मोबाइल बांधावर ठेवून ऐकायचे. वारंगा फाट्यावरच्या हॉटेलवाल्यांना तिची गोरबोली अर्धीमुर्धीच कळायची, पण बंद कुणी करायचं नाही.

"देविदास, याडीची पहिली गोष्ट काढून ठेव," मिना सकाळी आल्या आल्या म्हणाली.

देविदास मशीन सांभाळायचा. त्यानं मान वर केली नाही.

"वहिनी, ते न्हाई आता."

"न्हाई म्हंजे?"

"पुसलं. याडीचं, द्वारकाकाकूच्या ओव्या, डफवाल्या जळबाचं... जुनं सगळंच."

"मशीन बिघडलं?"

"मशीनला काय धाड भरली? गुरुजीनं पुसाया लावलं. मागल्या महिन्यात."

मिनाला आधी ते खरंच वाटेना. गुरुजी म्हणजे किसनराव. डोंगरकड्याचे बागायतदार, शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. रेडिओ त्यांनीच आणला. जागा त्यांची, दिल्लीपर्यंतची खटपट त्यांची. टॉवरचं लोखंड मात्र तांड्यानं खांद्यावर चढवलं, कारण टेंपो टेकडीच्या निम्म्यातच रुतला होता. मिनाच्या नवऱ्याच्या, खेमाच्या पायावर त्यातला एक तुकडा पडला. तो आजही लंगडतो. पहिल्या दिवशी गुरुजी माइकवर म्हणाले होते, "ह्याला मालक न्हाई. ह्याच्यावर धंदा व्हायचा न्हाई. हा तुमचा आवाज हाये." सातवी शिकलेल्या मिनाला त्यांनीच माइकसमोर बसवलं. बाप नव्हता तिला; ती त्यांना बापाच्या जागी मानायची.

गुरुजी बाहेरच्या खोलीत होते. पाहुण्यांसाठी आणलेले हार टेबलावर होते, पाहुणे यायचे होते.

"गुरुजी, याडीचं काहून पुसलं?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "जागा पुरत नव्हती, मिना. नवी लेकरं गाणी मागतेत."

"जागा मिळती की बाजारात. मला सांगितलं असतं तर तांड्यानं वर्गणी काढली असती. खरं सांगा."

ते हळूच म्हणाले, "तुझी सासू एकदा गायरानाचं बोलली होती म्हणं."

मिनाला आठवलं. तांड्यामागचा गायरानाचा माळ याडीच्या सासऱ्यानं खडक फोडून वाहितीला आणला, आणि मोजणीच्या साली तो किसनरावांच्या वडलांच्या नावावर गेला. याडीनं ते शिव्याशाप न देता, पीकपाण्याचं सांगावं तसं सांगितलं होतं.

"सोमेश्वरची निवडणूक येऊन राहिली," गुरुजी म्हणाले. सोमेश्वर त्यांचा मुलगा. "उद्या कुणी ते बाहेर काढलं, तर? आमच्या बापाचं नाव हाये त्यात."

"मग तेवढंच पुसायचं होतं! बाकीच्यानं काय घोडं मारलं तुमचं?"

"कोणत्या फायलीत काय, ऐकत कोण बसतं? तुमची बोली मला कळत न्हाई, पोरी."

हे ते इतक्या साधेपणानं म्हणाले की मिनाच्या अंगाची लाही लाही झाली. चार वर्षांच्या गोष्टी, आणि ह्या माणसानं त्या ऐकल्यासुद्धा नव्हत्या. कचरा जाळावा तशा जाळल्या होत्या.

"पुन्हा रेकॉर्ड करून घेऊ ना," ते समजुतीनं म्हणाले.

"कुणाला? मसणातून उठवून आणता का तिला?"

ती आत गेली, दार ओढून घेतलं आणि माइकसमोर बसली.

"माळरान रेडिओला आज दहा वर्षं झाली," ती म्हणाली. "ह्याचा टॉवर कुणी चढवला ते ऐका. आणि रूपाबाईचा आवाज, द्वारकाकाकूच्या ओव्या कुणी पुसल्या, काहून पुसल्या, तेबी ऐका." तिनं खांद्यांवरचं लोखंड सांगितलं, खेमाचा पाय सांगितला. मग याडीच्याच बोलीत, याडीच्याच शब्दांत, आठवेल तसं गायरानाचं सांगायला घेतलं. ती मोजणीवर आली आणि माइकचा दिवा विझला.

काचेपलीकडं गुरुजी उभे होते. बटनावर त्यांचाच हात होता.

"घरी जा, मिना. उद्यापासून येऊ नको."

मिना उठली नाही. "मालक न्हाई म्हणला होता ह्याला. मग मला काढणारे तुमी कोण?"

गुरुजी काही बोलणार तोच टेकडीवर ऑटो थांबला. उतरल्या त्या द्वारकाकाकू, गुरुजींच्या बायको. घरी रेडिओ लावून बसल्या होत्या. धापा टाकत आत आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"माझ्या ओव्याबी पुसल्या?"

"अगं, घरी बोलू..."

"घरी चाळीस वर्षं बोललेच की! माझ्या आईच्या ओव्या होत्या त्या. तिचं दुसरं काय ठेवलंय माझ्याकडं? मला इचारावं वाटलं न्हाई?" मग त्या देविदासकडं वळल्या. "चालू कर."

देविदासनं गुरुजींकडं बघितलं.

"त्यांच्याकडं काय बघतो? मी सांगून राहिले. चालू कर."

दिवा लागला. काकू मिनाशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि तिचा हात दाबून म्हणाल्या, "बोल. कुठवर आली होती?"

मिनानं मोजणीपासून पुढं सगळं सांगितलं. सासऱ्याचं नाव आलं तेव्हा काकूंनी डोळे मिटून घेतले. तोवर आलेले पाहुणे बाहेरच्या खोलीत ऐकत उभे होते. हार कुणी उचलला नाही.

दोन आठवड्यांनी गुरुजी तांड्यात आले. एकटेच, पायी. मिनाला कामावरून काढणं त्यांना जमलं नव्हतं. तांड्याच्या आणि गावाच्या बाया रोज टेकडीवर येऊन बसत होत्या. सोमेश्वरनं निवडणुकीचा फॉर्म भरलाच नव्हता. खेमानं त्यांना बसायला बाज टाकली, पाणी दिलं.

"चुकलं माझं," गुरुजी म्हणाले. "रेकॉर्डिंगच्या खोलीला रूपाबाईचं नाव देतो. संगमरवराची पाटी लावू."

मिना चुलीपुढून उठून आली.

"पाटी नको, गुरुजी. माळाचं बोला."

गुरुजी तांब्या हातात धरून बसले. मग तो खाली ठेवून आल्या वाटेनं गेले. खेमा म्हणाला, म्हातारा माणूस आहे, दारात आला होता, जरा सबुरीनं घ्यायचं. मिनानं त्याच्या पायाकडं बघितलं आणि परत चुलीकडं गेली. मंगळवार होता, याडीचा वार. भाकरी टाकून तिला टेकडीवर जायचं होतं.