माल चांगला म्हणायचा नसतो

धायरीच्या रंगरावांनी मार्केट यार्डात चाळीस वर्षं कांदा-बटाटा खरेदी केला, आणि एकदाही मालाला चांगलं म्हटलं नाही. गोणीतला कांदा उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, "बारीक हाय. ओला हाय. मऊ पडलाय." मग भले तो कांदा लाखात एक का असेना! घेणाऱ्यानं चांगलं म्हटलं की देणारा भाव चढवतो, ही बापाची शिकवण. कौशल्याबाईंना बघायला गेले तेव्हासुद्धा हा गडी पोहे खाऊन म्हणाला होता, "जरा बुटकी हाय." बाईंनी ते बेचाळीस वर्षं जपून ठेवलंय. कोथिंबीर आणायची राहिली, तरी भांडणाची सुरुवात तिथूनच होते.

असा माणूस सदुसष्टाव्या वर्षी फ्रेंच शिकायला लागला. कशासाठी, तर नातीसाठी. लेक अपेक्षा लग्न करून फ्रान्सला राहिली, जावई तिकडचा, आणि पाच वर्षांच्या नीनाला फ्रेंचशिवाय काही कळत नाही. दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लागायचा. नीना "बोंजूर" म्हणायची आणि धूम ठोकायची. मग रंगराव तिची रिकामी खुर्ची बघत बसायचे. आपल्या रक्ताचं पोर, आणि आपण तिच्या लेखी फोनमधला एक मिशीवाला! फार लागलं होतं हो त्यांच्या जिवाला.

वारज्याला दीपालीबाई घरीच क्लास घ्यायच्या. तिथं दहा-बारा कॉलेजच्या पोरापोरींत रंगराव पहिल्या बाकावर. विशेषणांचा धडा निघाला.

"फ्रेंचमध्ये नाम बदललं की विशेषण बदलतं," बाई म्हणाल्या. "आपल्याकडे मोठा, मोठी म्हणतो, तसंच. आणि बहुतेक विशेषणं नामानंतर येतात. लाल कांदा नाही, कांदा लाल."

"बरोबर हाय की. आधी माल, मग बोलणं," रंगराव खूश झाले.

"पण लहान-मोठं, चांगलं-वाईट, नवं-जुनं आणि सुंदर, ही आधी येतात."

"ती का म्हनून?"

"फ्रान्सला पत्र टाकून विचारा," बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला लागल्या.

फ्रेंचमध्ये कांदा पुरुष, पण बटाटा मात्र बाई, हे कळल्यावर रंगरावांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तरी गृहपाठ चोख केला. घरातल्या एका माणसाचं दहा विशेषणांत वर्णन करायचं होतं. त्यांनी कौशल्याबाईंचं केलं.

दीपालीबाईंनी वही वाचली. "व्याकरणात एक चूक नाही. पण लहान, जुनी, जाड, तिखट... अहो काका, दहात एक तरी चांगला शब्द?"

"चांगलं म्हनायचं नसतंय मॅडम. भाव चढतो."

"नात विकत घ्यायचीय का तुम्हाला?" बाईंनी वही मिटली. "रविवारी ती जे दाखवेल त्याला सुंदर म्हणायचं. पुल्लिंगी असेल तर 'बो', स्त्रीलिंगी असेल तर 'बेल'. दोनच शब्द. पाठ करा."

बसमध्ये रंगराव "बो, बेल, बो, बेल" पुटपुटत राहिले. शेजारचा माणूस उठून पुढं जाऊन उभा राहिला.

रविवार उजाडला. दुपारी रंगराव धुतलेला सदरा घालून, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून बसले. मागं कौशल्याबाई. आज नीना पळाली नाही. तिनं मातीचा हत्ती केला होता. तो तिनं कॅमेऱ्यासमोर धरला.

आता 'बो' म्हणायचं, एवढंच होतं. पण समोर माल आला! रंगरावांचा अंगठा आपोआप उचलला गेला, तोंड वाकडं झालं आणि शब्द निघून गेले. "प्ती," म्हणजे लहान. "मू," म्हणजे मऊ.

"बाबा!" अपेक्षा ओरडली.

"जळलं मेलं तुमचं तोंड!" कौशल्याबाईंनी कपाळाला हात लावला. नीनाचा खालचा ओठ थरथरायला लागला. रंगरावांना वाटलं, गेली पोर. संपलं सगळं.

नीनानं नाक ओढलं. हत्ती कॅमेऱ्याला पार चिकटवला आणि गरजली, "नों! ग्रां!"

मोठा! रंगराव सावरून बसले. चाळीस वर्षं विकणाऱ्यांचे असले डोळे बघितले होते त्यांनी. "प्ती," ते हळूच म्हणाले.

"ग्रां!"

"प्ती!"

"ग्रां! ग्रां!" पोरगी खुर्चीवर चढली. मग घोडा आणला, बाहुली आणली, एक फाटका बूट आणला. रंगराव प्रत्येकाला नावं ठेवत गेले, ती तावातावानं भांडत गेली आणि मध्येच खिदळायला लागली. पाऊण तास! अपेक्षा तोंडाला पदर नसल्यामुळं ओढणी लावून हसत होती.

खेळणी संपली. नीना रिकाम्या हातांनी समोर उभी राहिली, केस मागं सारले आणि विचारलं, "ए म्वा?"

आणि मी?

रंगरावांनी मागं वळून कौशल्याबाईंकडं बघितलं. मग घसा खाकरला, आणि बापाची शिकवण मोडली.

"बेल," ते म्हणाले.

नीनानं कमरेवर हात ठेवले. "नों," ती म्हणाली. "त्रे बेल!"

'नुसती सुंदर नाही, खूप सुंदर म्हणा!'

"चढवला का नाही भाव?" रंगराव डोळे पुसत बायकोला म्हणाले, आणि मोबाईलकडं वळून मुकाट्यानं म्हणाले, "त्रे बेल."