सहन करणे: समानार्थी शब्द लिहा

इंग्रजीचे सर फळ्यावर ‘पुट अप विथ’ लिहायचे आणि वर्गातले तीनशे जण एका सुरात ओरडायचे, “एन्ड्युअर! टॉलरेट! बेअर! स्टँड!” चार शब्द, अर्थ एकच: सहन करणे. सरकारी नोकरीच्या परीक्षेत असा एक तरी प्रश्न येतोच, असं सर शपथेवर सांगायचे. मी सहा वर्षं ओरडत होते. पाठ सगळं झालं, पास तेवढी झाले नाही.

नोर्यांगजिन म्हणजे आमच्या राजधानीतली शिकवण्यांची पेठ. इथे वर्ग सुटला की माणसं टपरीवर उभ्याउभ्या कपातला भात खातात आणि अभ्यासिकेत जाऊन बसतात. अशाच एका अभ्यासिकेची मी मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे झाडू मारायचा, खरकटे कप गोळा करायचे आणि त्या बदल्यात कोपऱ्यातलं टेबल फुकट मिळायचं. वयाच्या चौतिसाव्या वर्षी माझी एवढीच मालमत्ता होती.

अभ्यासिकेत बोलायला बंदी. तक्रार असेल तर पिवळी चिठ्ठी लिहायची आणि तो माणूस जागेवर नसताना त्याच्या टेबलावर चिकटवायची. नाव घालायचं नाही. “जाकिटाची चेन बाहेर जाऊन उघडा.” “पानं जरा मायेनं उलटा.” “काल आपण अकरा वेळा नाक ओढलंत.” महिन्यात तीन चिठ्ठ्या आल्या की जागा खाली करायची, हा मालकीणबाईंचा नियम. सहन करण्याचे चार समानार्थी शब्द पाठ असलेली ही माणसं, पण शेजाऱ्यानं आवंढा गिळला तरी यांच्या मस्तकात तिडीक जायची. माझ्या तर आधी जायची.

त्या हिवाळ्यात माझ्या शेजारच्या टेबलावर योम दाल-सू आले. वय एक्कावन्न. चोवीस वर्षं बसच्या सीटा शिवल्या, मग कारखानाच बंद पडला. परीक्षेला वयाची अट नव्हती. पहिल्याच दिवशी ते माझ्याजवळ येऊन कुजबुजले, “मॅनेजरबाई, या वयात विचारायची लाज वाटते, पण हे इंग्रजी शब्द लक्षात कसे ठेवायचे हो?”

“इथे बोलायचं नाही, काका. जिन्यात चला.”

जिन्यात मी सांगितलं, “घोका. दिवसाला शंभर वेळा. दुसरा इलाज नाही.”

“आवाज न करता?”

“अर्थात.”

काका शब्दाचे पक्के निघाले. आवाज काढत नव्हते, नुसते ओठ हलवायचे. पण ‘पुट’मधल्या ‘प’ला आणि ‘बेअर’मधल्या ‘ब’ला ओठ मिटून उघडले की बारीकसा ‘पच्’ व्हायचा. पच्. पच्. दिवसाला शंभर वेळा, माझ्याच सल्ल्यानं.

चौथ्या दिवशी मी चिठ्ठी लिहिली. “ओठांचा आवाज येतो.” सूचनाफलकावरचं अक्षर माझंच असल्यामुळे ही मी डाव्या हातानं लिहिली. दुसऱ्या दिवशी काका मास्क लावून आले. आता मास्कमधून श्वास ऐकू यायला लागला. दुसरी चिठ्ठीही माझीच, खोटं कशाला बोलू? काकांनी मास्क काढला आणि ओठ मिटू नयेत म्हणून दातांत पेन्सिल धरली. मग तिच्या लाकडाची करकर सुरू झाली.

तिसरी चिठ्ठी दुसऱ्या कुणी लिहिली, असं सांगायला मला फार आवडलं असतं.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. काका भात खायला गेले तेव्हा मी चिठ्ठी चिकटवली आणि झाडू मारता मारता माझा राग उतरला. या माणसाची जागा आत्ता गेली तर त्याला आख्ख्या नोर्यांगजिनमध्ये खुर्ची मिळणार नव्हती. चिठ्ठी काढून टाकू म्हणून मी वळले, तर टेबलापाशी मालकीणबाई उभ्या. त्या बिघडलेला हीटर बघायला आल्या होत्या.

“ही तिसरी ना गं?”

“हो, पण काका तसे गरीब आहेत हो. परीक्षाही तोंडावर आली.”

“परीक्षा काय त्याची एकट्याचीच आहे? बाहेर नऊ जण जागेसाठी ताटकळलेत. संध्याकाळपर्यंत टेबल मोकळं पाहिजे. तू सांगतेस की मी सांगू?”

“चिठ्ठी माझी आहे,” एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण मग कोपऱ्यातलं फुकटचं टेबल गेलं असतं. मी म्हटलं, “मी सांगते.”

काकांनी ऐकून घेतलं, कमरेत वाकून नमस्कार केला, पुस्तकं पिशवीत भरली, टेबल स्वतः पुसलं. ते गेल्यावर माझ्या टेबलावर एक संत्रं सापडलं. त्याला पिवळी चिठ्ठी चिकटवली होती. “इतके दिवस माझा त्रास सहन केलात, आभारी आहे.” संत्रं गोड होतं. तेवढंच खाऊन मी अभ्यासाला बसले.

परीक्षेत ‘पुट अप विथ’ आलंच. मी बरोबर खूण केली. तो गुण मिळाला, बाकीचे कमी पडले.

पुढल्या वर्षी मला तीन चिठ्ठ्या आल्या, तिन्ही माझ्या पेनाच्या टकटकीबद्दल. मालकीणबाईंचा नियम मॅनेजरलाही होता. मी स्वस्तातली खोली घेतली आणि पत्ता बदलल्याची नोंद करायला तिथल्या वॉर्ड ऑफिसात गेले. खिडकीमागे योम काका बसले होते, गळ्यात ओळखपत्र.

एक आजी त्यांना झापत होत्या. “कचऱ्याची गाडी येत नाही म्हणून तीनदा सांगितलं! कान आहेत की भजी? तुला कुणी बसवला रे इथे?”

“बरोबर आहे आजी. चुकलंच आमचं.”

“नुसतं हो ला हो करतोय मेला!” आजी तणतणत गेल्या. काकांचे ओठ मिटले आणि उघडले. पच्.

माझी पाळी आली. “अरे, मॅनेजरबाई! अभ्यास कसा चाललाय?”

“चाललाय.” मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं. “काका, तेव्हा तुम्ही कुठे बसलात?”

“कपडे धुवायच्या दुकानात. मशिनींची घरघर इतकी, की मोठ्यानं घोकलं. छान पाठ झालं.”

मी अर्ज भरला, त्यांनी शिक्का मारला. मग एक छोटा कागद माझ्यापुढे सरकवला: ‘कर्मचाऱ्याच्या वागणुकीबद्दल आपले मत. नाव लिहिण्याची गरज नाही.’

“सगळ्यांना द्यावाच लागतो,” काका म्हणाले. “तीन वाईट आले की साहेब बोलावतात.”

मी पेन उचललं.

“सावकाश लिहा,” ते अगदी हळू, अभ्यासिकेतल्यासारखं म्हणाले. “डाव्या हातानं लिहिलंत तरी चालेल. मला चिठ्ठी आली की त्या दिवशी शाई डाव्याच तळव्याला लागलेली असायची तुमच्या.”